मेझी डॉब्स वाचायला घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅकलिन विन्स्पिअर यांची ही इंग्रजी रहस्यकथांची मालिका मी गेली काही वर्षं ज्याला त्याला वाचायला देत आले आहे. पुस्तकभिशीत तिचं नाव काढलं की तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली. खुनी कोण हे कुठेही सांगितलेलं नाही. मेझीच्या आयुष्यात पुढे काय होतं, तेही शक्य तितकं झाकून ठेवलं आहे.

मालिका आहे तरी कशाबद्दल?

लंडन, १९२९. मेझी डॉब्स नावाची तिशी नुकतीच ओलांडलेली बाई वॉरन स्ट्रीटजवळ एक खोली भाड्याने घेते आणि खासगी तपासाचं काम सुरू करते. पहिल्या महायुद्धात ती फ्रान्समध्ये परिचारिका होती. इमारतीची देखभाल करणारा बिली बील तिला लगेच ओळखतो, कारण लढाईत जखमी झाला तेव्हा त्याचा पाय वाचवणाऱ्यांत ती होती. पुढे तोच तिचा मदतनीस होतो.

पहिलं प्रकरण अगदी नेहमीचं वाटावं असं: नवऱ्याला बायकोचा संशय येतो, बाई दर आठवड्याला जाते कुठे? मेझी मागोमाग जाते आणि बाई पोचते कबरस्तानात. मालिकेची नाडी तिथेच सापडते. माग काढायला जावं एका माणसाचा आणि हाती लागावं युद्ध, असं जवळजवळ दर पुस्तकात होतं.

मेझी की मेसी?

मेझी. ग्रंथालयात मात्र दोन्ही उच्चार करून बघा.

युद्धकाळातली मालिका म्हणता, पण पहिलं पुस्तक तर १९२९चं. मग युद्ध कुठे आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझ्या मते मालिकेचं मर्मही यातच आहे. तोफा ११ नोव्हेंबर १९१८ला सकाळी अकरा वाजता थांबल्या. माणसांच्या आतलं युद्ध तेव्हा थांबलं नाही. कुणाच्या पायात लोखंडाचे तुकडे राहिले, कुणी गॅसमुळे खोकत राहिलं, कुणी दार आपटल्याचा आवाज आला की टेबलाखाली शिरू लागलं. ब्रिटनमध्ये १९२१च्या जनगणनेत पुरुषांपेक्षा बायका सतरा लाखांहून जास्त भरल्या आणि वर्तमानपत्रांनी त्यांना सरळ ‘जास्तीच्या बायका’ म्हणून टाकलं. मेझी त्यांच्यातलीच एक आहे.

तेव्हा १९२९चा खून असला तरी त्याचं मूळ १९१६-१७च्या चिखलात असतं. पहिल्या पुस्तकाचा मोठा मधला भाग तर मागे जाऊन तिचं बालपण आणि आघाडीवरचा तंबू-दवाखानाच सांगतो. पुढे मालिका दुसऱ्या महायुद्धात शिरते आणि १९४५ला संपते.

एकूण किती पुस्तकं? क्रमानेच वाचावी लागतील का?

अठरा. पहिलं ‘मेझी डॉब्स’ २००३ साली आलं, शेवटचं ‘द कम्फर्ट ऑफ घोस्ट्स’ २०२४ साली. गुन्ह्याची गोष्ट प्रत्येक पुस्तकात पूर्ण होते, त्यामुळे मधलं कुठलंही उचललं तरी समजेल. माणसं मात्र पुढे सरकत राहतात: लग्नं होतात, मुलं जन्मतात, काही जातात. दहाव्या आणि अकराव्या पुस्तकाच्या मध्ये तर इतकं काही घडून जातं की उलट क्रमाने वाचणाऱ्याचा रसभंग झालाच म्हणून समजा. निदान पहिली तीन ओळीने वाचा. तिसरं ‘पार्डनेबल लाइज’. त्यात मेझी पुन्हा फ्रान्सला जाते, जिथे जायचं ती इतकी वर्षं टाळत आलेली असते.

ती तपास करते कसा? शेरलॉकसारखी राखेवरून सिगार ओळखते का?

नाही. ती समोरच्या माणसासारखी बसते. म्हणजे समोरच्याचे खांदे पडलेले असतील तर आपले खांदे तसेच पाडते, तो जसा चालतो तशी चालून बघते आणि त्या अंगस्थितीत मनात काय उमटतं ते टिपते. मग बिलीबरोबर मोठ्या कागदावर रंगीत खडूंनी प्रकरणाचा नकाशा काढते. गुरू मॉरिस ब्लांश यांच्याकडून शिकलेली ही पद्धत. ते डॉक्टर, गुन्ह्यांचे जाणकार, तत्त्वज्ञ असं सगळंच होते. मॉरिसच तिला खान नावाच्या सिलोनच्या अंध साधकाकडे नेतात, आणि तिथे ती मांडी घालून शांत बसायला शिकते.

आपल्याला यात फारसं नवल वाटत नाही. उलट ही ‘पूर्वेची शहाणीव’ मधूनमधून शोभेला ठेवल्यासारखी वाटते, हे माझं प्रामाणिक मत. मात्र तिची एक सवय मला फार आवडते. प्रकरण मिटलं की ती संबंधित जागी आणि माणसांकडे पुन्हा एकदा जाऊन येते. ज्यांना तिने खोदून खोदून विचारलं, ज्यांच्या खपल्या काढल्या, ते आता कसे आहेत ते बघते आणि मगच वही मिटते. याला ती शेवटचा हिशेब म्हणते. एवढ्या रहस्यकथा वाचल्या, पण खुनी सापडल्यावर मागे राहिलेल्यांच्या घरी कुणी जाऊन आल्याचं दुसरीकडे फारसं आठवत नाही.

त्या काळात बाई डिटेक्टिव्ह खरंच असायची?

असायची. मॉड वेस्ट नावाच्या बाईंनी १९०५ पासून लंडनमध्ये तपास कचेरी चालवली, ती दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडापर्यंत. पोलीस दलात बायकांचा शिरकाव युद्धामुळेच झाला. १९१५ साली ग्रँथम गावात एडिथ स्मिथ यांना अटकेच्या अधिकारासह नेमलं गेलं. लष्कराची छावणी शेजारी आल्यावर गावाला ती गरज भासली होती.

खासगी तपासाला मुबलक काम मिळे ते घटस्फोटाच्या कायद्यामुळे. १९२३ पर्यंत इंग्लंडमध्ये नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा दाखवला की पुरे असे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा सोडून जाणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. १९२३च्या कायद्याने ती तफावत काढली, पण पुरावा लागायचा तो लागायचाच. मग हॉटेलच्या नोंदवह्या, खोलीत चहा घेऊन गेलेल्या मुलीची साक्ष, असा सगळा धंदा. मेझीकडे येणारा तो पहिला संशयी नवरा याच जगातला. ती मात्र गिऱ्हाइकाला आधीच विचारून घेते की कळल्यावर तुम्ही काय करणार आहात. धंद्याच्या दृष्टीने हे शुद्ध वेडेपण!

भाजीवाल्याची पोर, मोलकरीण, आणि एकदम केंब्रिज? पटतं का हे?

पूर्ण नाही पटत. तिचे वडील फ्रँकी डॉब्स लॅम्बेथमध्ये घोडागाडीवर भाजी विकतात. आई गेल्यावर तेरा वर्षांची मेझी बेल्ग्रेव्हियातल्या कॉम्प्टन कुटुंबाच्या हवेलीत कामाला लागते. रात्री सगळे झोपल्यावर मालकांच्या ग्रंथालयात वाचत बसते आणि एकदा सापडते. लेडी रोवन या मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्यांतल्या. हाकलून देण्याऐवजी त्या तिच्या शिक्षणाची सोय लावतात. हे परीकथेसारखं आहेच, पण लेखिका त्याची किंमतही दाखवते. मेझी वरच्या मजल्यावरची होत नाही आणि खालच्या मजल्यावरचीही राहत नाही. स्वयंपाकघरातल्या मैत्रिणींशी बोलताना तिला आपली नवी भाषा बोचते. शिकून घराबाहेर पडलेल्या पहिल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

ती ज्या गर्टन कॉलेजात जाते ते १८६९ साली स्थापन झालं, पण केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली. शिका, परीक्षा द्या, पदवी मात्र मागू नका! मेझी शिक्षण अर्धवट टाकून परिचारिका म्हणून नाव नोंदवते, तेही वय चोरून, कारण स्वयंसेवी परिचारिकांना परदेशी आघाडीवर जायला तेवीस वर्षं पूर्ण लागत. असं वय चोरणं तेव्हा मुलांनी केलं तसं मुलींनीही केलं.

पहिल्या पुस्तकातले चेहरे गमावलेले सैनिक कल्पित आहेत का?

पात्रं कल्पित, वेदना खरी. खंदकातून डोकं वर काढलं की तोफेच्या गोळ्याचे तुकडे नेमके तोंडावर येत. हॅरल्ड गिलिस या शल्यविशारदाने अशा जखमींसाठी १९१७ साली सिडकपला वेगळं रुग्णालय उभं करवलं, आणि आजच्या प्लॅस्टिक सर्जरीचा बराच पाया तिथे पडला. जिथे शस्त्रक्रिया पुरी पडत नसे तिथे शिल्पकार पुढे आले. फ्रान्सिस डर्वेंट वूड पत्र्याचे पातळ मुखवटे घडवून त्यावर कातडीचा रंग चढवत, आणि सैनिक त्यांच्या कामाच्या जागेला ‘पत्र्याच्या नाकांचं दुकान’ म्हणत.

सिडकपमध्ये रुग्णालय आणि गाव यांच्यामधल्या रस्त्यावरची काही बाकं निळ्या रंगाची होती. निळ्या बाकावर बसलेल्याचा चेहरा बघून दचकू नये, म्हणून गावकऱ्यांना ती आगाऊ सूचना. दया म्हणावी की दूर ठेवणं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिल्या पुस्तकात अशा सैनिकांसाठी गावाबाहेर एक शेत-आश्रम निघतो आणि मेझीला नेमका हाच प्रश्न पडतो.

दुसऱ्या पुस्तकातल्या पांढऱ्या पिसाचं काय प्रकरण आहे?

ऑगस्ट १९१४ मध्ये निवृत्त ॲडमिरल चार्ल्स फिट्झजेराल्ड यांनी फोकस्टनला तीस बायका गोळा केल्या. साध्या कपड्यात दिसेल त्या तरुणाच्या हातात पांढरं पीस द्यायचं, म्हणजे ‘तू भित्रा आहेस’. ही लाट देशभर पसरली. रजेवर आलेल्या, जखमी झालेल्या, अगदी अल्पवयीन पोरांनाही पिसं मिळाली. आपल्याकडे बांगड्यांचा आहेर पाठवतात, तीच जात. ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’ हे पुस्तक विचारतं की पीस देणाऱ्या हातांचं पुढे काय झालं. अठरा पुस्तकांतलं रहस्य म्हणून हेच सगळ्यात घट्ट विणलेलं, असं माझं मत.

मला खंदक-बिंदक नको, दुसरं महायुद्ध हवंय. कुठून सुरू करू?

तेराव्यापासून, म्हणजे ‘इन धिस ग्रेव्ह अवर’. ३ सप्टेंबर १९३९, सकाळी सव्वा अकरा, रेडिओवर पंतप्रधान चेंबरलेन यांचं युद्ध जाहीर करणारं भाषण. तिथूनच पुस्तक सुरू होतं. खून होतो तो पहिल्या युद्धात बेल्जियममधून निर्वासित म्हणून आलेल्या माणसाचा. त्या युद्धात असे सुमारे अडीच लाख बेल्जियन ब्रिटनमध्ये आले होते आणि बहुतेक परत गेले. जे मागे राहिले त्यांची ही गोष्ट. म्हणजे नवं युद्ध सुरू होतं तेव्हाही मेझीच्या दारात उभं असतं ते जुनंच.

‘टू डाय बट वन्स’ डंकर्कच्या दिवसांतलं, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेलं ब्रिटिश सैन्य बोटींनी परत आणलं तेव्हाचं. ‘द अमेरिकन एजंट’ लंडनवरच्या बाँबवर्षावातलं. ७ सप्टेंबर १९४० पासून लागोपाठ सत्तावन्न रात्री बाँब पडले. मेझी आणि तिची मैत्रीण प्रिसिला रुग्णवाहिका चालवतात, आणि दिवसा तपास. ‘द कॉन्सिक्वेन्सेस ऑफ फिअर’मध्ये निरोप पोचवणारा एक पोरगा खून बघतो. शिवाय मेझीवर एक भयंकर जबाबदारी येते: शत्रूच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये गुप्तपणे पाठवायच्या तरुणींपैकी कोण टिकेल, कोण नाही, ते ठरवण्याची. हे गुप्त खातं खरं होतं. जुलै १९४० मध्ये ते स्थापन झालं. टिपू सुलतानच्या वंशातली नूर इनायत खान त्याच खात्याची वायरलेस चालक, १९४४ साली डाखाऊच्या छळछावणीत मारली गेली. ‘अ सनलिट वेपन’ विमानं कारखान्यातून तळापर्यंत नेऊन पोचवणाऱ्या महिला वैमानिकांचं आहे. त्या दीडशेहून जास्त होत्या आणि १९४३ पासून त्यांना पुरुषांइतकाच पगार मिळू लागला.

मालिकेत भारत येतो का?

येतो. दहावं पुस्तक ‘लीव्हिंग एव्हरीथिंग मोस्ट लव्हड’, साल १९३३. उषा प्रमल नावाच्या भारतीय तरुणीचा लंडनमध्ये खून होतो, पोलीस तपास अर्धवट सोडतात आणि भारतातून आलेला तिचा भाऊ मेझीकडे येतो. उषा राहत असते ती आयांच्या वसतिगृहात.

अशी जागा खरोखर होती. साहेबाचं कुटुंब बोटीने विलायतेला निघालं की मुलं सांभाळायला आया बरोबर घेई. घर गाठल्यावर काहींना परतीचं तिकीट न देताच वाऱ्यावर सोडलं जाई. अशा बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ चाले, १९०० पासून हॅकनी भागात. मुंबई बंदरातून गेलेल्या कितीतरी बायकांचा मुक्काम तिथे पडला असणार. त्यांची नावं मात्र बोटींच्या यादीत अनेकदा नुसती ‘आया’ अशीच, पुढे मालकिणीचं आडनाव. पुस्तकातला भारत थोडा अत्तराचा वास येणारा आहे हे खरं, पण या वसतिगृहाकडे लक्ष वेधल्याबद्दल मी लेखिकेला बरंच माफ केलं.

हे सगळं फ्रान्स-इंग्लंडचं. आपल्याकडच्या घरांचा या युद्धांशी काय संबंध?

आपल्या घरांचं पहिलं महायुद्ध प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढलं गेलं. सहावी डिव्हिजन, जिचं नावच ‘पुणे डिव्हिजन’, डिसेंबर १९१५ मध्ये कूत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. घोडे-खेचरं खाऊन दिवस काढले, आणि २९ एप्रिल १९१६ला उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. कैद्यांची वाळवंटातली पायपीट त्यानंतरची. दुसऱ्या युद्धात इटलीत यशवंत घाडगे (१९४४, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (१९४५) या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मेझीसारखी बाई साताऱ्याच्या एखाद्या गावात १९२९ साली फिरली असती तर तिला काय दिसलं असतं, हा विचार वाचताना सारखा मनात येतो. पेन्शनचे कागद घेऊन मामलेदार कचेरीत खेटे घालणारी म्हातारी नक्की दिसली असती.

इंग्रजी अवघड आहे का?

नाही, वाक्यं साधी आहेत. अडखळायला होतं ते बिलीच्या बोलण्यात, कारण तो लंडनच्या पूर्व भागातली बोली बोलतो आणि शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गिळतो. मोठ्याने वाचलं की कळतं, मालवणी संवाद वाचताना करतो तसंच.

सैनिकांच्या तोंडचे काही शब्द मात्र ओळखीचे निघतील. ‘ब्लायटी’ म्हणजे मायदेश, इंग्लंड. हा शब्द आला आपल्या ‘विलायती’वरून, हिंदुस्तानात नोकरी केलेल्या गोऱ्या शिपायांच्या तोंडून. खंदकात ‘ब्लायटी मिळाली’ म्हणजे मरण्याइतकी मोठी नाही पण घरी पाठवण्याइतकी मोठी जखम झाली. लोक अशा जखमेसाठी देवाची करुणा भाकत. ‘डेको’ म्हणजे देखो, ‘चिट’ म्हणजे चिठ्ठी, आणि खाकी तर खाकीच.

फार रक्तपात आहे का? मुलांना देऊ का?

खून पडद्याआड होतात, दवाखान्यातली दृश्यं मात्र थेट आहेत. नववी-दहावीच्या पुढे द्यायला हरकत नाही.

खरं सांगा, कंटाळा येतो का?

काही ठिकाणी येतो. गती संथ आहे. मेझीच्या कपड्यांची आणि चहाची वर्णनं जरा जास्तच आहेत. योगायोग सढळ हाताने वापरलेत, आणि तिचं ‘आतून जाणवणं’ पुरावा म्हणून कोर्टात टिकेल असं वाटत नाही. आठव्या पुस्तकापासून ती सरकारी गुप्त कामात ओढली जाते तेव्हा माझं मन थोडं उडालं होतं, कारण तिची खरी जागा ती छोटी कचेरी. अर्नाळकरांच्या झुंजार-धनंजयवर वाढलेल्या माझ्या काकांनी पन्नास पानांत पुस्तक परत केलं. ‘अगं, ही बाई धावत का नाही?’ असं विचारत होते.

लेखिका स्वतः युद्धाच्या पिढीतली आहे का?

नाही, जन्म १९५५चा, केंट परगण्यातला. १९९० पासून राहणं अमेरिकेत. आजोबा १९१६ साली सोमच्या लढाईत जखमी झाले होते, आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी गेले तेव्हाही त्यांच्या पायातून लोखंडाच्या कपच्या निघत होत्या. आजी दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या स्फोटात अंशतः अंध झाली होती. घरातच इतकं असल्यावर विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. मेझी मात्र सुचली कॅलिफोर्नियातल्या वाहतुकीत सिग्नलला थांबलेली असताना: घट्ट टोपी घातलेली एक बाई वॉरन स्ट्रीटच्या भुयारी स्टेशनातून बाहेर येताना त्यांना दिसली, आणि पहिलं पुस्तक तिथूनच सुरू होतं.

ऐकायला मिळेल का?

हो. ओर्ला कॅसिडी यांनी वाचलेली ध्वनिपुस्तकं आहेत. बिलीचा ‘ह’ त्यांनी फार छान गिळला आहे.

लंडनला चाललोय. मेझीच्या खुणा कुठे बघू?

वॉरन स्ट्रीट स्टेशनवर उतरा आणि चालत फिट्झरॉय चौकात जा. तिची पुढची कचेरी तिथलीच, पाच-सात मिनिटांची वाट. हाताशी एक दिवस जास्त असेल तर ब्रायटन गाठा. तिथला राजवाडा १९१४ ते १९१६ भारतीय जखमी सैनिकांचं रुग्णालय होता. जे वाचले नाहीत त्यांच्यातल्या हिंदू-शिखांचे अंत्यसंस्कार गावाबाहेरच्या टेकड्यांवर झाले, आणि त्या जागी १९२१ साली पांढरी संगमरवरी छत्री बांधली. तिला तिथले लोकही ‘छत्री’च म्हणतात. शेवटचा चढ पायी करावा लागतो, वारा खूप असतो, स्वेटर न्या. परत येताना हॅकनीत किंग एडवर्ड्स रोडवर २६ क्रमांकाचं घर शोधा. आयांच्या त्या वसतिगृहावर २०२२ साली निळी पाटी लागली आहे, रस्त्यावरूनच वाचता येते.